प्रतीक्षा यादीत दुसरी

भरतीच्या दिवशी सकाळी मैदानावर इतकं धुकं होतं की धावायला सुटलेल्या मुली पहिल्या वळणावरच दिसेनाशा होत, आणि थोड्या वेळाने भलत्याच बाजूने एकेक करून बाहेर येत. भाविका रांगेत उभी राहून ते बघत होती. गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या आपल्या गावातून पहिल्या गाडीने ती रत्नागिरीला आली होती. डोळ्यांवर अजून झोप होती. धुक्यातून येणाऱ्या त्या मुली तिला वाटलं, कुठूनतरी फार लांबून येताहेत. इथे कशाला आलो ते त्यांचं त्यांनाही नीट आठवत नसावं.

पालिकेच्या अग्निशमन दलात नऊ जागा होत्या, त्यातल्या मुलींसाठी दोन. अर्ज आले होते दोन हजारांच्या वर. रांगेत इंजिनियर झालेले होते, डी.एड. करून सहा वर्षं घरी बसलेले होते. एम.एस्सी. झालेला एकजण आदल्या दिवशी सोलापूरहून येऊन एस.टी. स्टँडवरच राहिला होता. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. शेजारी उभा असलेला माणूसच उद्या आपली जागा घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी भाविकाच्या पुढची मुलगी मागे वळली. सावळी, उंच, हातांवर काजूच्या चिकाचे काळे डाग. तिचं नाव राही. लांज्याच्या आत, डोंगरातल्या एका वाडीतली. हातातल्या फॉर्मवर एक रकाना होता, पर्यायी फोन नंबर. तिच्या वाडीत रेंज नव्हती. तिच्याकडे फोन होता तोही डोंगराच्या एका कोपऱ्यावर जाऊन उभं राहिलं तरच लागायचा, आणि वाडीतल्या बाकी सगळ्यांचं तेच. तिने संकोचत विचारलं, की तुझा नंबर टाकला तर चालेल का. भाविकाने दहा आकडे सांगितले आणि राहीने ते फॉर्मवर आणि एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून घेतले, आपलाही नंबर तिला दिला. बस, एवढीच त्यांची ओळख.

मग धावणं झालं. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर टाकून पळणं झालं. शेवटी उंचावरून उडी. लोखंडी मचाणावर चढून खाली आठ जणांनी ताणून धरलेल्या जाड कापडात स्वतःला सोडून द्यायचं. तोवर धुकं विरळ झालं होतं पण गेलं नव्हतं. वरून भाविकाला खालचं कापड दिसलं ते गावच्या खाडीतल्या मचव्याएवढं, आणि धरणारी माणसं अर्धवट पुसलेली. तिने पाऊल पुढे टाकलं. पडायला लागला असेल एखादा क्षण. पण तिला मात्र वाटलं की आपण बराच वेळ खाली येतो आहोत. मध्ये थांबून इकडेतिकडे बघायलासुद्धा सवड आहे. मैदानाच्या कडेची सुरूची झाडं, एका झाडावर बसलेला घारीचा जोडा, सगळं तिने नीट पाहिलं. खाली टेकली तेव्हा एक माणूस म्हणाला, उठा, झालं तुमचं.

हे काम तिच्या मनात शिरलं होतं ते बारा वर्षांची असताना. शेजारच्या खंडूकाकांच्या होडीच्या इंजिनाने जेट्टीवर पेट घेतला होता. माणसं उतरली, दोर जळून तुटला, आणि जळती होडी भरतीच्या पाण्यावर हळूहळू फिरत खाडीत गेली. भर दुपार होती. ज्वाळा उन्हात नीट दिसतही नव्हत्या, हवा तेवढी थरथरत होती. आजूबाजूला बांधलेल्या वीस-पंचवीस होड्या होत्या. तेवढ्यात रत्नागिरीहून बंब आला. त्यातला एक माणूस पाइप खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि ओरडा नाही, घाई नाही, असा चालत त्या होडीकडे गेला. सगळा गाव काठावर ओरडत होता आणि तो एकटा शांत होता. भाविकाला पुढे त्या माणसाचा चेहरा आठवेना, पण ते चालणं आठवत राहिलं. बारावीनंतर तिने घरच्यांना सांगितलं. आई गुणवंती मासळी विकायची, तिला ते पटलं नाही. वडील आत्माराम तांडेल होते, होडी चालवणारे. ते दोन दिवस गप्प राहून म्हणाले, शीक. तिने सहा महिन्यांचा कोर्स केला. कोर्स केल्यावर दोन कंत्राटदारांनी तिला परत पाठवलं. एकाने सांगितलं की मुलींच्या राहण्याची सोय नाही. दुसऱ्याने काहीच सांगितलं नाही.

निकाल नोव्हेंबरच्या शेवटी लागला. निवडलेल्या दोन मुलींत तिचं नाव नव्हतं. त्याखाली प्रतीक्षा यादी होती, वर्षभर चालणारी. पहिली राही, काशीरामची मुलगी, मैदानावर भेटलेली तीच. दुसरी भाविका.

प्रतीक्षा यादी म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. नाही म्हटलं असतं तर रडून मोकळी झाली असती. आता रडताही येईना. सकाळी ती ओल्या वाळूवरून धावायला जायची, मग आईबरोबर लिलावाला. बर्फाच्या पेट्या उचलायची, मासळी निवडायची, घरी येऊन जेवायची आणि दुपारी पडायची. ती झोप आणि ती जाग यांत फरक राहिला नव्हता. समुद्राचा आवाज दोन्हीकडे सारखाच यायचा. लोक विचारायचे, काय गो, नोकरीचं काय झालं? ती सांगायची, नंबर आहे. हे उत्तर तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचं वाटायचं.

फेब्रुवारीत एका सोमवारी फोन आला. पालिकेतून आस्थापना विभागातले एक गृहस्थ बोलत होते. निवड झालेली एक मुलगी पोलिसात लागल्यामुळे जागा रिकामी झाली होती. आता आपलंच नाव येणार असं भाविकाला वाटलं. पण त्यांनी विचारलं ते राहीबद्दल. तिचा फोन दोन दिवस लागत नव्हता, फॉर्मवर हा दुसरा नंबर होता. पत्रही पाठवलंय, ते म्हणाले, पण टपाल कधी पोचेल सांगता येत नाही. पुढच्या सोमवारपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर व्हायला सांगा. नाही आली तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल. पुढची उमेदवार कोण हे त्यांच्या समोरच्या कागदावर असेलही, पण आपण तिच्याशीच बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. भाविका म्हणाली, सांगते.

त्या दिवशी तिने सांगितलं नाही. कसं सांगणार, फोन लागत नव्हता. मंगळवारीही तिने दोनदा लावून पाहिला, आणि दोन्ही वेळा तो लागला नाही तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं तिने लगेच दुसरीकडे ढकललं, पण ते परत आलं. दुपारी पडल्यावर तिला दिसायचं, की सोमवार होऊन गेलाय, आपण खाकी कपड्यांत उभे आहोत, आणि ह्यात कुणाचं काही गेलेलं नाही. आपण काही केलंच नाही. नुसते गप्प बसलो.

बुधवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. राही होती. लांज्याच्या बाजारात कुणा दुकानदाराच्या फोनवरून बोलत होती. तिचा फोन विहिरीत पडला होता. ती हसून सांगत होती की काजूला यंदा मोहर चांगला आहे, वडिलांचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय, आणि घरचे लग्नाचं बघायला लागलेत. मी सांगितलंय नोव्हेंबरपर्यंत थांबा. मग तिने विचारलं,

"पालिकेतनं काय कळलं काय गो?"

भाविका ओट्यावर उभी होती. समोर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळा उतरत होता आणि तिला हात उचलून त्याला हाकलवेना.

"नाय," ती म्हणाली. "अजून काय नाय."

"कळलं तर सांग हां," राही म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री भाविका जेवली नाही. आईला वाटलं ऊन लागलं. गुरुवारी सकाळी ती धावायला गेली आणि निम्म्या किनाऱ्यावर थांबली. दम लागला नव्हता, पाय दुखत नव्हते. नुसते पाय थांबले. आजवर इथे रोज कशासाठी धावलो ते तिला एकदम परक्यासारखं दिसलं. घरी येऊन तिने कपडे बदलले, लांज्याला जाऊन येते म्हणून सांगितलं आणि निघाली.

रत्नागिरीला गाडी बदलून लांज्याला पोचायला अकरा वाजले. तिथून वाडीच्या फाट्यापर्यंत रिक्षा, पुढे चढण. काजूच्या मोहराचा गोड, जरासा कडवट वास सगळीकडे होता. वर चढत गेली तसा त्या वासात दुसरा वास मिसळला. धुराचा. वाडीत पोचली तर घरं उघडी आणि माणूस नाही. एका अंगणात सखू नावाची म्हातारी बसली होती. तिने काठीने वर दाखवलं. सड्यावर वणवा लागला होता. राही, तिचा बाप, सगळी वाडी वर गेली होती.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, जांभ्या दगडाचा, त्यावर गुडघाभर वाळलेलं सोनेरी गवत. भाविका वर आली तेव्हा निम्मा सडा काळा झाला होता. आग उंच नव्हती. गवताच्या उंचीची एक लांब वाकडी ओळ धुराच्या आतून सरकत होती, कडकड वाजत, आणि माणसं हातात ओल्या डहाळ्या घेऊन तिला झोडपत होती. धुरामुळे माणसं नीट दिसत नव्हती. डहाळी वर जाताना दिसायची, खाली येताना नाही. ओळीच्या खालच्या अंगाला वाडीच्या काजूच्या बागा सुरू होत होत्या.

राहीने तिला पाहिलं. आश्चर्य करायला वेळ नव्हता. तिने डोक्याचा पंचा सोडून, त्याचा अर्धा भाग फाडून भाविकाला तोंडाला बांधायला दिला. भाविकाने एक डहाळी उचलली. थोडा वेळ दोघी शेजारी शेजारी झोडपत राहिल्या. मग भाविकाच्या लक्षात आलं की सगळी माणसं आगीच्या पुढच्या तोंडाशी उभी आहेत, आणि बागांच्या बाजूला कुणी नाही. आता वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, आग बागांच्या कडेकडेने जात होती आणि मधलं गवत जळायचं राहिलं होतं. पण तांडेलाच्या मुलीला दुपारचा वारा माहीत असतो. समुद्रावरून उठलेला वारा किनाऱ्यावर बाराला येतो, इतक्या आत यायला दोन वाजतील, पण येणार. आला की ही ओळ वळून सरळ बागांत उतरेल.

तिने राहीला सांगितलं. राहीने बापाला सांगितलं. काशीरामने एकदा त्या अनोळखी मुलीकडे बघितलं आणि निम्मी माणसं बागांच्या वरच्या कडेला पाठवली. कोयत्याने, फावड्याने, हाताने, मिळेल त्याने गवत काढत त्यांनी हातभर, मग दोन हात रुंद अशी मातीची उघडी पट्टी पाडली. कोर्समध्ये हेच शिकवलं होतं, पण तिथे ते फळ्यावर होतं. इथे हातांना फोड येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी भाविकाला त्या दिवसांत पहिल्यांदा अगदी शांत वाटत होतं. आजूबाजूला धूर, आवाज लांबून आल्यासारखे, आणि समोर फक्त पुढचं हातभर गवत. सोमवार नाही, यादी नाही.

दोनच्या सुमाराला वारा फिरला. आग वळली, पट्टीपर्यंत आली, तिथे तिने इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं आणि बसली. एकदोन ठिणग्या पलीकडे उडाल्या त्या राहीने पायाने चिरडल्या. चार वाजेतो सगळं विझलं. काळ्या सड्यावर माणसं जागच्या जागी बसली. कुणीतरी कळशी आणली.

राही आणि भाविका एका जांभ्या दगडावर टेकल्या. राहीने आधी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर भाविका म्हणाली,

"पालिकेतून फोन आलेला. तुझा नंबर लागलाय. सोमवारपर्यंत हजर व्हायचंय."

राहीच्या काळवंडलेल्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. अर्ध्यावर ते थांबलं.

"कधी आला फोन?"

"सोमवारी."

"म्हणजे काल मी विचारलं तेव्हा तुला म्हाईत होतं."

"होतं," भाविका म्हणाली.

राहीने हातातला पंचा झटकला. लांब पश्चिमेकडे डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेल्या होत्या आणि शेवटची रांग आहे की आभाळ आहे ते कळत नव्हतं. भाविका शिव्यांची वाट बघत होती. त्या आल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. राही उठली आणि म्हणाली की आता शेवटची गाडी मिळायची नाही, घरी चल, सकाळी जाऊ.

काशीरामच्या घरी त्यांनी तिला पाहुणीसारखं वागवलं. त्याने दोनदा विचारलं की वाऱ्याचं तुला कसं कळलं, आणि तिने दोनदा सांगितलं. राहीने नोकरीची बातमी सांगितली, पण बुधवारचं काही सांगितलं नाही. कुळथाची पिठी आणि भात वाढताना ती भाविकाच्या पानाकडेच बघत होती, तोंडाकडे नाही.

सकाळच्या गाडीत दोघी एकाच बाकावर बसल्या. राहीच्या मांडीवर कागदपत्रांची पिशवी होती. लांजा मागे पडलं, पाली गेलं. रुंद करायला खणलेल्या हायवेची लाल धूळ खिडकीतून आत येत होती आणि सगळ्या प्रवाशांच्या केसांवर सारखी बसत होती. हातखंब्याला गाडी रत्नागिरीकडे वळली तेव्हा राही पहिल्यांदा बोलली.

"मी तुझ्या जागी असते ना, तर आलेच नसते बघ."

  स्टँडवर उतरून राही पालिकेकडे गेली आणि भाविका गणपतीपुळ्याच्या गाडीत बसली.

घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. आत्माराम जाळं विणत होते. त्यांनी हातातला फासा पुरा केला आणि म्हणाले, सांगून आलीस ना, आता जेव. आईने मात्र आठवडाभर अबोला धरला. तिच्या मते एवढं लांब जाऊन नोकरी दुसरीच्या हातात देणारी मुलगी बावळटच.

मग उन्हाळा गेला, पावसाळा आला. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकल्या गेल्या. भाविका पुन्हा धावायला लागली, पावसात, कुणी नसलेल्या किनाऱ्यावर. आता तिला कशाची वाट बघायची नव्हती असं नाही, पण वाट बघणं पहिल्यासारखं अंगावर बसत नव्हतं. राहीचा फोन आला नाही. भाविकानेही केला नाही. तिने लेखी परीक्षेचं पुस्तक पुन्हा काढलं, पुढच्या कुठल्यातरी भरतीसाठी.

यादी संपायला पाच आठवडे उरले असताना, ऑक्टोबरच्या एका रणरणत्या दुपारी त्याच गृहस्थांचा फोन आला. निवडलेली दुसरी मुलगी मुंबईच्या दलात गेली होती. या खेपेला त्यांनी भाविकाचंच नाव घेतलं. ती हो म्हणाली, हो म्हणाली, परत एकदा हो म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर ओट्यावर तशीच बसून राहिली. आई बाजारातून आली, पाटी खाली ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता तिच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागली. हाताला मासळीचा वास होता.

कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, हे सगळं होऊन हजर व्हायला पंधरा दिवस गेले. पहिल्या दिवशी केंद्रावर गेली तेव्हा राही बंब धूत होती. तिने नळ बंद केला, आत जाऊन गमबुटांचा एक जोड आणला आणि भाविकाच्या पायांपुढे ठेवला. नवे बूट अजून आलेले नव्हते, हे तिचे जादाचे होते. एक नंबर मोठे होतील, पुढे कापूस घाल, असं तिने सांगितलं. तेवढ्यावर त्यांचं ते सगळं संपलं, किंवा संपलं नसेल, पण त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पहिलं बोलावणं आलं ते चौथ्या दिवशी, सकाळी दहाला. खालच्या आळीत एका बंद घरातून धूर येत होता. आत यमुनाबाई नावाच्या आजी एकट्या राहत आणि त्यांना फार कमी ऐकू येत असे. दाराला आतून अडसर होता. शिडी लावून भाविका कौलांवर चढली, पाच-सहा कौलं सरकवली आणि आत उतरली. खाली धुराचा करडा उजेड होता. कौलांच्या फटीतून आलेले उन्हाचे पट्टे त्यात तिरपे उभे होते, आणि क्षणभर ती कुठे आहे तेच तिला कळेना. मग शेगडीवर जळून कोळसा झालेलं भाताचं पातेलं दिसलं. तिने गॅस बंद केला. आजी पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी पदर नाकाला लावून बसल्या होत्या, अगदी शांत, जणू कुणीतरी येणार हे त्यांना माहीत होतं.

भाविकाने त्यांना दंडाला धरून उठवलं. वरून माणूस आलं याचं त्यांना काही वाटलं नसावं. डोळे बारीक करून त्यांनी तिच्या डोक्यावरचं शिरस्त्राण, पायांतले मोठे बूट बघितले.

"तू कोणाची गो?" त्यांनी विचारलं.

"आत्माराम तांडेलाची," भाविका त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

आजींनी मान हलवली. अडसर कसा काढायचा ते त्यांनीच दाखवलं, आधी वर उचलायचा, मग डावीकडे. दार उघडलं तेव्हा बाहेर राही पाइप हातात घेऊन उभी होती. पाणी मारायची गरज पडणार नाही, एवढं भाविकाने तिला सांगितलं आणि आजींना पायऱ्यांवरून सावकाश खाली उतरवायला लागली.